गडग्यापलीकडची सोबत

कोकणातील घराचे वर्णन करावयाचे झाले, तर नुसत्या घराचे वर्णन करून भागत नाही. घरापुढे अंगण आणि घरामागे परस असला, म्हणजेच ते घर पुरे होते. परसात विहीर किंवा पाण्याचा हौद असतो. न्हाणीघराचे सांडपाणी जेथे वळवलेले असते तेथे अळू आणि केळी माजलेली असतात. कडेला शेवगा, कढीलिंब आणि एखादा माड उभा असतो. उरलेल्या जागेत मिरच्या, वांगी, माठ आणि मुळा यांचे वाफे असतात. या परसाभोवती जांभ्या दगडांचा, चुना किंवा सिमेंट न वापरता रचलेला, कमरेइतका उंच बांध असतो. त्यास गडगा म्हणतात. गडगा गुरांना अडवतो. माणसांना मात्र अडवीत नाही. त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोन माणसे उभी राहिली, की बोलणे सुरू झालेच म्हणून समजावे.

अशा परसांत काम करणाऱ्या माणसांनी एका कठीण वर्षी एकमेकांस कशी सोबत केली, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात खेड हा तालुका आहे. पूर्वेस सह्याद्रीचे कडे आणि त्यांवर रसाळगड, सुमारगड व महिपतगड हे किल्ले आहेत. पश्चिमेस दापोली तालुका लागतो. खेड शहर जगबुडी नदीच्या काठी वसलेले आहे. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो. वर्षाकाठी त्याचे मान 3,000 मिलिमीटरांच्याही वर जाते. परंतु तांबडी, भुसभुशीत माती हे पाणी धरून ठेवीत नाही. त्यामुळे फाल्गुन-चैत्र उजाडला, की प्रत्येक वाफा घागरीने किंवा नळीने शिंपावा लागतो. येथील पुष्कळ घरांतील कर्ती माणसे नोकरीनिमित्त मुंबईस राहतात. त्यांना चाकरमानी म्हणतात. गावी वृद्ध आईवडील, सुना आणि मुले राहतात. परस सांभाळण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच असते.

2020 साली कोरोना नावाच्या विषाणूमुळे होणारा रोग जगभर पसरला. 11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले. कोकणात तेव्हा शिमग्याचे दिवस होते. ग्रामदेवतांच्या पालख्या घरोघर फिरत होत्या आणि अंगणे माणसांनी फुलली होती. त्यानंतर पुरते तीन आठवडेही लोटले नाहीत, तोच 25 मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी लागू झाली. योगायोग असा, की तो दिवस गुढीपाडव्याचा होता. वर्षाच्या पहिल्याच दिवशी लोकांनी गुढी उभारली खरी. पण ती पाहावयास कोणी कोणाच्या घरी गेले नाही.

प्रथम ही टाळेबंदी 21 दिवसांची होती. पुढे ती वाढत वाढत मे महिन्याच्या अखेरीपर्यंत चालली. शाळा बंद झाल्या, एस.टी. थांबली, आगगाड्या उभ्या राहिल्या, आठवड्याचे बाजार भरेनासे झाले. कोकणात भाजीपाला बव्हंशी घाटावरून येतो. भाजीच्या वाहतुकीस बंदी नव्हती, तथापि गाड्या कमी झाल्या आणि बाजारात जाणे अवघड झाले. तेव्हा लोकांचे लक्ष आपोआप परसाकडे वळले.

सर्व कामे थांबली, तरी एक काम थांबवता येण्यासारखे नव्हते. मिरचीच्या रोपास चैत्रातले ऊन टाळेबंदी आहे म्हणून कमी लागत नाही. त्यास पाणी वेळेवर मिळाले पाहिजे. माठाची भाजी पेरल्यापासून साधारणतः महिन्याभरात खुडावयास येते. ती तेव्हाच खुडली नाही, तर निबर होते. म्हणून ज्या घराला परस होता, त्या घरातील माणूस सकाळ-संध्याकाळ बाहेर पडत होता आणि बाहेर पडला, की गडग्यापलीकडे त्यास शेजारी दिसत होता.

येथे एक शंका तुमच्या मनात येईल. माणसांनी एकमेकांपासून दूर राहावे असा दंडक असताना हे बोलणे धोक्याचे नव्हते काय? हा विषाणू मुख्यतः माणसाच्या श्वासावाटे, बोलण्या-खोकण्यातून बाहेर पडणाऱ्या बारीक तुषारांवाटे पसरतो. कोंदट खोलीत हे तुषार हवेत साचून राहतात. उघड्यावर वारा त्यांना पांगवून टाकतो. म्हणून बंद खोलीत जवळ बसण्यापेक्षा मोकळ्या जागी अंतर ठेवून, तोंडावर फडके बांधून उभे राहणे पुष्कळच कमी धोक्याचे असते. दोन परसांच्या मध्ये गडगा होताच. त्यापासून दोन-दोन पावले मागे सरले, की हवे तेवढे अंतर आपोआप पडत असे.

"काकी, तुमच्याकडे पडवळाचे बी उरले आहे का?" अशी हाक एका परसातून जाई. "आहे गं बाय, दगडावर ठेवते, मी मागे सरले, की घे," असे उत्तर दुसऱ्या परसातून येई. गडग्यावरील एखाद्या सपाट दगडावर बियांची पुडी ठेवली जाई. थोड्या वेळाने त्याच दगडावर कुयरीचा, म्हणजे कोवळ्या फणसाचा तुकडा, मूठभर ओल्या काजूबिया किंवा चार शेवग्याच्या शेंगा येऊन पडत. हातास हात लागत नसे. पण देणे-घेणे मात्र चालू राही. त्याबरोबर चार शब्दही जात. कोणाचा मुलगा मुंबईस अडकला आहे, कोणाचे औषध संपत आले आहे, कोण दोन दिवस परसात दिसले नाही, हे सारे त्या चार शब्दांत कळत असे. एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाच्या दृष्टीने ही साधी विचारपूस भाजीपेक्षाही मोलाची होती. त्याचे वाफे सुकलेले दिसले, तर काही तरी बिनसले आहे हे शेजाऱ्यास लगेच समजत असे.

मे महिन्यात या सोबतीची खरी परीक्षा झाली. मुंबईत रोग वाढत चालला होता. लहान खोल्यांत दाटीने राहणारे चाकरमानी गावाकडे निघाले. रायगड जिल्हा ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात शिरताना लागणाऱ्या कशेडी घाटात त्यांची तपासणी होत असे. पुढे गावात आल्यावर त्यांना 14 दिवस शाळेत किंवा घरातच वेगळे राहावे लागे. यास विलगीकरण म्हणतात. एरवी शिमग्याला आणि गणपतीला ज्यांची वाट पाहिली जाते, तीच माणसे आली असता गावकऱ्यांच्या मनात भीती उत्पन्न झाली. काही ठिकाणी वाद झाले, काही ठिकाणी वाटा अडवल्या गेल्या. आपल्याच माणसास आपण घाबरतो आहोत, ही गोष्ट कोणासही सुखाची नव्हती.

कोकणात असा प्रसंग पूर्वीही येऊन गेला होता. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली, तेव्हाही हजारो माणसे शहर सोडून आपापल्या गावी परतली होती. त्या साथीमुळेच 1897 साली साथरोगांविषयीचा कायदा झाला आणि तोच कायदा 2020 साली पुन्हा वापरण्यात आला. रोगापासून गाव वाचवावयाचे आणि माणुसकीही सोडावयाची नाही, हा पेच जुनाच आहे.

या पेचातून मार्ग काढण्यास परस उपयोगी पडला. तो कसा, हे समजण्यासाठी 14 दिवसांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. बी जमिनीत पेरले, की ते लगेच दिसत नाही. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. भेंडी पाच-सात दिवस घेते. पडवळाचे बी कठीण सालीचे असते. ते रात्रभर भिजत घालून पेरले, तरी वर येण्यास आठवड्याहून अधिक काळ घेते. तोपर्यंत माती वरून अगदी निर्जीव दिसते. त्या विषाणूचेही तसेच होते. तो शरीरात शिरला, तरी रोगाची लक्षणे बहुधा पाच-सहा दिवसांनी आणि क्वचित 14 दिवसांपर्यंत प्रकट होत. म्हणून वरवर धडधाकट दिसणाऱ्या माणसासही 14 दिवस वाट पाहणे भाग होते. हा त्याच्यावर ठेवलेला आरोप नव्हता. तो केवळ बी उगवते की नाही हे पाहण्याचा अवधी होता. ज्या माणसाने जन्मभर बी पेरले आहे, त्यास हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडत नाही.

घरीच वेगळे राहणाऱ्या चाकरमान्यास दिवस खावयास उठत असे. त्याच्या हाती परसाचे काम आले, तर तेच दिवस हलके होत. पावसाळ्यापूर्वी गडग्याचे ढासळलेले दगड पुन्हा रचावयाचे, वई म्हणजे काट्याकुट्यांचे कुंपण घालावयाचे, वेलांसाठी आळी करून त्यांत शेणखत घालावयाचे, अशी कितीतरी कामे वैशाखात उभी असतात. वर्षानुवर्षे शहरात राहिल्यामुळे ज्यास आळे किती खोल करावे हेही आठवत नसे, त्यास पलीकडचा वृद्ध शेजारी दुरूनच सूचना देई. अशा रीतीने, ज्याची भीती वाटत होती तोच मनुष्य काम करताना रोज डोळ्यांसमोर दिसू लागला आणि भीती हळूहळू ओसरली.

जे मुंबईतच राहिले त्यांचे काय झाले? त्यांच्याजवळ परस नव्हता. तथापि खिडकीत किंवा गच्चीवर ठेवता येईल असा एखादा पत्र्याचा डबा होता आणि स्वयंपाकघरात मेथी, मोहरी व धणे होते. डब्याच्या बुडास भोके पाडून त्यात माती भरली, की लहानसा वाफा तयार होतो. धणे हलके रगडून त्यांचे दोन भाग केले आणि पेरले, तर कोथिंबीर उगवते. गावच्या आजीने ही युक्ती मोबाईलवरून सांगावी आणि मुंबईच्या नातवाने उगवलेल्या रोपांचे छायाचित्र तिला पाठवावे, असे अनेक घरांत घडले. पानांवर पडलेली कीड, पिवळी पडलेली पाने यांची छायाचित्रेही इकडून तिकडे जात. गडगा जणू 200 किलोमीटर लांब झाला होता!

इतक्यात दुसरे संकट आले. 3 जून 2020 रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. रायगड जिल्ह्याप्रमाणेच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या तालुक्यांस मोठा तडाखा बसला. खेड तालुक्यातही घरांची छपरे उडाली आणि झाडे मोडून पडली. आंबा, काजू, माड, पोफळी ही झाडे वर्षभराची नसतात. माड लावल्यापासून फळ धरावयास सामान्यतः पाच-सात वर्षे लागतात. आजोबांनी लावलेले झाड एका दुपारी आडवे झालेले पाहणे किती दुःखदायक असते, हे ज्याने पाहिले त्यासच कळेल. अनेक गावांतील वीज गेली आणि दूरध्वनीही बंद पडले. मुंबईपर्यंत पोहोचलेला तो लांब गडगा तुटला. परंतु परसामागचा दगडांचा गडगा तेथेच होता. शेजारी कोयते आणि करवती घेऊन आले. एकाच्या अंगणात पडलेले झाड दुसऱ्याने तोडून वाट मोकळी केली.

वादळानंतर चार-पाच दिवसांनीच मृग नक्षत्र लागले. पावसाळी भाज्यांच्या पेरणीची हीच वेळ असते. ज्यांच्या घरावरील कौले उडाली, त्यांचे साठवलेले बीही भिजले असणार. भिजलेले बी एक तर कुजते किंवा अवेळी मोड येऊन वाया जाते. अशा वेळी बी कोठून आणावे?

येथे जुन्या माणसांची एक रीत आपल्याला पाहावयास मिळते. वेलावरील पहिल्या बहरातील एखादे उत्तम फळ ते न तोडता बियांसाठी राखून ठेवतात. ते पुरते पिकून वाळले, की त्यातील बी काढून राखेत घोळवतात. राखेमुळे ओलावा शोषला जातो आणि कीड लागत नाही. कोणी काकडी-भोपळ्याचे बी शेणात कालवून त्याच्या थापट्या भिंतीवर लावून ठेवतात. परंतु बी राखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ते वाटणे. एकाच घरात ठेवलेले बी एका वादळाने नाहीसे होऊ शकते. तेच बी पाच घरांत वाटलेले असेल, तर पाचांपैकी एका घरी तरी ते शिल्लक राहते आणि तेथून पुन्हा सर्वांकडे जाते. बँकेत ठेवलेला पैसा जसा गरजेच्या वेळी परत मिळतो, तसे शेजाऱ्यास दिलेले बी परत मिळते. म्हणून बी देणारा मनुष्य केवळ उदार नसतो, तर तो शहाणाही असतो.

पाऊस स्थिर झाला, की परसात बांबूचे मांडव उभे राहतात. त्यांवर पडवळ, दोडका, काकडी, कारली यांचे वेल चढतात. या वेलांकडे तुम्ही बारकाईने पाहिले, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. त्यांच्यावर नरफुले आणि मादीफुले अशी दोन प्रकारची फुले असतात. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते. नरफुलातील पराग मादीफुलावर पोहोचला, तरच ते फळ वाढते. नाहीतर पिवळे पडून गळते. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि काही तासांतच मिटते. त्या सकाळी आपल्या वेलावर मादीफूल उमलले, पण नरफूल एकही नसले, तर काय होईल? शेजाऱ्याच्या वेलावर नरफूल असेल, तर मधमाशी तेथील पराग आपल्याकडे आणील. मधमाशी गडगा मानीत नाही. म्हणजे आपल्या मांडवावरील भोपळ्यात शेजाऱ्याच्या वेलाचाही वाटा असतो. एकट्यानेच बाग करणाऱ्यापेक्षा शेजारी-शेजारी बागा करणाऱ्यांच्या वेलांना फळ धरण्याची संधी अधिक मिळते, हा निसर्गाचाच नियम आहे.

त्या वर्षी इतर ठिकाणीही लोकांचे लक्ष बागेकडे वळले होते. आपल्या राज्यात 'उमेद' अभियानाने बचत गटांतील महिलांना परसबागा करण्यास उत्तेजन दिले. सिंगापूर हे दाट वस्तीचे शहर आहे. तेथील सरकारने लाखो घरांना भाज्यांच्या बियांची पाकिटे पाठवली. ब्रिटनमध्ये टाळेबंदी असतानाही लोकांस आपापल्या भाजीच्या वाफ्यांवर जाऊन काम करण्याची मुभा होती. अन्न मिळावे हा त्यामागील एक हेतू होताच. पण घरात कोंडलेल्या मनास मातीचा आधार मिळावा, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची होती.

22 ऑगस्ट 2020 रोजी गणेशचतुर्थी आली. गणपतीसाठी येणाऱ्या चाकरमान्यांस या वेळी 10 दिवस वेगळे राहावयाचे होते. आरतीसाठी वाडीतील सर्वांनी घरोघर जाण्याची नेहमीची पद्धत आवरती घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी होती. त्या दिवशी 'ऋषीची भाजी' करतात. बैलांच्या श्रमावाचून, माणसाने स्वतः कष्ट करून पिकवलेल्या भाज्या तिच्यात घालावयाच्या, असा संकेत आहे. अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सुरण, मका अशा कितीतरी भाज्या तीत पडतात. एवढ्या सगळ्या भाज्या एकाच परसात क्वचितच असतात. एकाकडे अळू असते, तर दुसऱ्याकडे भोपळा. एकाकडे मका, तर तिसऱ्याकडे सुरण. म्हणून ही भाजी शिजवावयाची, तर शेजाऱ्याकडून काही आणावेच लागते आणि त्यास काही द्यावेच लागते. त्या वर्षी माणसे एका पंगतीस बसू शकली नाहीत. परंतु प्रत्येक घरच्या पातेल्यात साऱ्या वाडीचे परस एकत्र आले होते.

पुढल्याच वर्षी, 22 जुलै 2021 रोजी, जगबुडीला मोठा पूर आला आणि खेडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. कोकणात वादळ, पूर आणि साथ ही संकटे पुन्हा येणार नाहीत, असे कोणी सांगू शकत नाही. त्यांना तोंड देण्यासाठी सरकार हवे, दवाखाने हवेत, शास्त्रज्ञ हवेत, यात शंका नाही. पण त्याचबरोबर, आपले वाफे सुकलेले पाहून हाक मारणारा शेजारीही हवा. असा शेजार संकटाच्या दिवशी एकाएकी निर्माण होत नाही. तो मांडवावरील वेलासारखा असतो. आधी बी द्यावे लागते, मग पाणी घालावे लागते आणि नंतर वाट पाहावी लागते.

मुलांनो, तुमच्या घरी परस असो वा केवळ खिडकीतला एक डबा असो, त्यात काहीतरी पेरा. जे उगवेल त्यातील एक फळ बियांसाठी राखून ठेवा आणि ते बी जपून ठेवण्यापूर्वी त्यातील निम्मे शेजाऱ्यास द्या.